माशांचा पांजरपोळ

खोली देताना घरमालक विचारतात, लग्न झालंय का, नोकरी पक्की का, पाहुणे किती येतात. आमच्या शेठजींनी मला विचारलं, "पाणी पिताना कुठं बघता?"

मी वाटूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. घनसावंगीच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नुकताच लागलो होतो. पाणी पिताना मी कुठं बघतो याची चौकशी आजवर माझ्या आईनंही केली नव्हती. म्हणालो, कुठंच बघत नाही, पितो. शेठजी गंभीर झाले. "मंग बराबर न्हाई. गिलासात बघायचं. कोणी असंल तर?" आणि एवढं बोलून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. माणूस चक्रम आहे हे मला त्याच क्षणी कळलं, पण बसस्टँडजवळ दुसरी खोली नव्हती.

खाली त्यांचं दोरांचं दुकान होतं. कासरे, दावी, चऱ्हाटं, ताडपत्र्या. पूर्वज कधी काळी राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. शेठजींचं बोलणं आमच्यासारखंच, फक्त रागावले की मारवाडीत जायचे, आणि ते रागावायचे क्वचित. गिऱ्हाइकानं दोर मागितला की पहिला प्रश्न, कशाला? बैलाला म्हटलं की सुताचा मऊ दोर काढायचे, नायलॉनचा मागितला तरी द्यायचे नाहीत. म्हणायचे, बैलाला विचारून या, मंग देतो. लोक हसायचे आणि सुताचा घेऊन जायचे.

गोदावरीवरच्या बंधाऱ्याकडचे भोई यायचे. त्यांना नाव बांधायला दोर मिळायचा, जाळं मिळायचं नाही. बाकी दोरवाले जाळी ठेवायचे, शेठजींनी कधी ठेवली नाहीत. एका म्हाताऱ्या भोयाला दोर देताना ते म्हणाले ते मी ऐकलं आहे. "नाव मजबूत बांध, बुडू नको, सुखरूप घरी ये. पण मासा मिळो असं मी म्हणणार न्हाई." भोई म्हणाला, निम्मा आशीर्वाद तरी दिलात शेठ. दोघांनी मिळून चहा घेतला.

माझं काय, मी दर रविवारी नदीकडं जाऊन मासे खाऊन यायचो. त्यांच्या घरात हे चालणार नव्हतं आणि पुढं मी तसा शब्दही दिला होता, म्हणून बाहेर खायचो, तोंड धुऊन, बडीशेप चघळून यायचो. शेठजी ओट्यावर बसलेले असायचे. एकदा नाक जरासं वर करून म्हणाले, "आज वारा नदीकडून हाये." बस, तेवढंच. बोलले असते तर मी भांडलो तरी असतो. रोज संध्याकाळी मात्र दवाखान्यातून आलो की विचारायचे, आज किती मारले? म्हणजे जनावरांच्या पोटातले जंत. मी म्हणायचो, शेठजी, म्हैस वाचली की. ते मान हलवायचे. म्हैस वाचली याचा आनंद आणि जंत गेले याचं दुःख, दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावायचं. मला तर हसावं की हात जोडावेत हेच कळायचं नाही.

त्यांच्या पाण्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावात नळ आला, घरोघर फिल्टर बसले, पण शेठजी अंगणातल्या विहिरीचंच पाणी प्यायचे. जैनांमध्ये पाणी गाळून पितात हे सगळ्यांना माहीत असतं. शेठजी पाणी जाड दुहेरी कापडातून गाळायचे, त्या कापडाला छन्ना म्हणायचे. पण गाळून झालं की लोकांचं काम संपतं, शेठजींचं तिथून सुरू व्हायचं. छन्न्यावर जे अडकलं, डोळ्यांना दिसो न दिसो, ती जिवाणी. ती गाळलेल्या पाण्यानं हळूच धुऊन काढायची आणि जिथून पाणी आणलं त्याच पाण्यात परत सोडायची. त्यासाठी बुडाला कडी असलेला एक छोटा पितळी लोटा होता. दोरीनं तो विहिरीत खाली खाली सोडायचा, पाण्याला टेकला की झटका द्यायचा, मग तो उलटायचा. वरून ओतायचं नाही, एवढ्या उंचावरून पडून जीव जगत नाहीत. आणि दुसऱ्या विहिरीत तर मुळीच नाही.

"नळाचं का पीत न्हाई सांगू?" मला एकदा म्हणाले. "त्यांचं घरच सापडत न्हाई. परत कुठं नेऊन सोडायचं?"

स्वयंपाकघरात माठाशेजारी लाकडी फळीवर दोन पितळी गिलास असायचे. एक शेठजींचा, एक मुलीचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या घराची रीत अशी की जो घरात नाही किंवा ज्याचा निर्जळी उपास आहे, त्याचा गिलास उपडा. अष्टमी आणि चतुर्दशीला शेठजींचा उपडा. मुलीचा तर नेहमीच उपडा, कारण ती शिकायला गेली ती पुढं नोकरीला कोकणात समुद्रकाठी राहिली. सणावाराला आली की तो गिलास सुलटा व्हायचा आणि शेठजी दिवसभर कारण नसताना स्वयंपाकघरात चकरा मारायचे.

एका उन्हाळ्यात विहीर आटली. टँकर आला, बंधाऱ्यावरून भरलेला. शेठजींनी पाणी गाळलं आणि लोटा मांडीवर घेऊन बसले. आता ही जिवाणी गोदावरीची. मग काय, निघाली स्वारी काळीपिवळीतून नदीकडं. जीपमध्ये माणसं कोंबलेली, आणि शेठजी मधोमध, लोट्यावर दोन्ही तळवे झाकून, कोणाचा धक्का लागू देत नव्हते. लोकांना वाटलं कोणाच्या तरी अस्थी आहेत. ड्रायव्हरनं गाणी बंद केली. एका बाईनं हात जोडून हळूच विचारलं, घरातलं कोण होतं? शेठजी म्हणाले, "घरातलं न्हाई, नदीतलं हाये." बाईनं आणखी एकदा हात जोडले. हे मी डोळ्यांनी पाहिलं, कारण मी शेजारी बसून खिडकीबाहेर तोंड करून हसत होतो.

मुलगी, मी तिला ताई म्हणायचो, समुद्राच्या लाटांपासून वीज करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होती. शेठजींनी समुद्र पाहिला नव्हता. त्यामुळं तिच्या नोकरीचं त्यांना विलक्षण खूळ लागलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चऱ्हाटांच्या वेटोळ्यावर टेकून डुलकी काढायचे आणि उठून मला स्वप्नं सांगायचे. समुद्र वाटूरकडून हळूहळू चालत आला, कपाशीवरून, उसावरून, तहसिलीच्या दारात थांबला, मग आत आला. कोणी बुडालं नाही. सगळे पाण्यात सावकाश फिरत होते आणि मासे दुकानात येऊन दोरांमधून ये-जा करत होते. हे सगळं असं सांगायचे की बाहेर वाऱ्यावर उसाची सळसळ झाली तरी मी दचकून रस्त्याकडं बघायचो.

फोनवर ताईला त्यांचे प्रश्न सुरू असायचे. पाण्यावर तरंगणारी मोठाली पिंपं तळाशी साखळदंडांनी बांधायची, लाटेबरोबर ती खालीवर व्हायची आणि त्या हलण्यातून वीज निघायची, एवढं तिनं समजावलं होतं. शेठजी विचारायचे, साखळीचा आवाज माशांना ऐकू जातो का? ती म्हणायची, जातो पप्पा, सुरुवातीला ते लांब पळतात, मग कळत नाही कसे, परत येतात. मग शेठजी विचारायचे, लाटेतला जोर तुम्ही काढून घेतला तर किनाऱ्याची वाळू कोण हलवणार? ती म्हणायची, हेच तर बघतोय आम्ही. वीज जाते त्या तारेजवळ खेकड्यांना काही होतं का, हेही त्यांनी विचारलं होतं. फोन ठेवला की मला म्हणायचे, "पोरगी सगळं बघून करून राह्यली."

शेवटी तिनं बोलावलंच. पिंपं फक्त दोन होती, चाचणीची. खाडीच्या तोंडावर त्यांची मोठी रांग टाकायची होती, आणि ती तिथंच टाकावी की नाही हे ताईनं लिहून द्यायचं होतं. तिच्या इतक्या वर्षांच्या कामाचं चीज त्या रांगेत होतं. तिला वाटत होतं, एकदा पप्पांनी बघावं आणि हो म्हणावं. सोबत म्हणून मला नेलं, म्हणजे माझी सोन्यासारखी रजा गेली. जालन्याहून रेल्वे, मग बस, मग टमटम. शेठजींनी विहिरीच्या पाण्याचा कॅन मांडीवरून खाली ठेवला नाही.

समुद्र दिसला तेव्हा त्यांनी बऱ्याच अलीकडं चपला काढल्या. उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "हे थांबत न्हाई का?" म्हटलं, नाही. "मंग झोपतं कधी?" आम्ही दोघं दुष्काळी मुलखातली माणसं, तोंडं उघडी टाकून त्या पाण्याकडं बघत राहिलो. डोळे भरून आले माझे, उगाचच.

वाटेत एक कोळीण चटईवर मासळी वाळत घालत होती. शेठजींनी नाकाला हात लावला नाही, फक्त मान वळवली. तिच्या ते लक्षात आलं. हसली, आणि त्यांना जायला वाट व्हावी म्हणून चटई बाजूला ओढून घेतली.

पाण्याच्या कडेला शेठजी गुडघ्यांवर बसले. लोट्यात समुद्राचं पाणी घेऊन त्यांनी छन्न्यातून गाळलं. प्यायला नव्हे, नुसतं बघायला. कापडावर वाळू, हिरवा एक धागा, आणि काचेसारखं काहीतरी बारीक, वळवळणारं. शेठजींनी कापड डोळ्यांजवळ नेलं. मला दाखवत म्हणाले, कोणी आहे. तेवढ्यात ताई पलीकडून हाका मारायला लागली, होडी निघाली होती, भरती कोणासाठी थांबत नाही. शेठजींनी छन्ना घडी करून पिशवीत ठेवला आणि आम्ही पळालो.

पिंपं जवळून प्रचंड दिसत होती, पिवळी, संथ खालीवर होणारी. ताईनं पाण्यात बघायला सांगितलं. सावलीत मासेच मासे. साखळीला कालवं चिकटलेली, त्यांच्या मागं बारीक मासळी, तिच्या मागं मोठी. ताई म्हणाली, इथं जाळं टाकायला बंदी आहे, साखळीत अडकतं ना, म्हणून मासे इथं गोळा होतात. शेठजींना आधी खरं वाटेना. दोनदा विचारलं, म्हणजे इथं कोणी मारणार नाही? रांग झाल्यावर सगळ्या खाडीच्या तोंडावर कोणी मारणार नाही?

"बेटा," ते म्हणाले, "तू तर माशांचा पांजरपोळ बांधलास." आणि त्या हलत्या होडीत तिच्या डोक्यावर हात ठेवला. ताईचा चेहरा मी विसरणार नाही. लहान मुलीसारखी लाजली.

घनसावंगीला आल्यावर विचारू नका. म्हाताऱ्या गायीगुरांचा पांजरपोळ सगळ्यांना ठाऊक, पण माशांचा? दुकानात आलेल्या प्रत्येकाला ऐकावं लागलं. कासरा घ्यायला आलेला माणूस अर्धा तास समुद्रात अडकून पडायचा. आणि तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी वरून खाली आलो तर शेठजी पिशवीसमोर बसलेले, हातात छन्ना. मिठानं कडक झालेला, पापडासारखा. आनंदाच्या भरात जिवाणी परत सोडायची राहून गेली होती. सगळं आयुष्य जे चुकलं नाही ते तिथं चुकलं होतं.

मी म्हणालो, शेठजी, आता काय राहिलंय त्यात, मेले ते. ते कापडावर बोट फिरवत बसले. "मेल्यालाबी आपलं घर असतंच की."

विहिरीत सोडा म्हटलं, नदीत सोडा म्हटलं. मान नाही म्हणूनच हलत होती. जेवण सुटलं, आणि मी हात टेकले. पुन्हा रजा, पुन्हा रेल्वे, बस, टमटम. दवाखान्यातल्या डॉक्टरांना काय कारण सांगितलं ते इथं लिहीत नाही.

या खेपेला ताईला कळवलंही नव्हतं. शेठजी पायजमा वर करून गुडघाभर पाण्यात गेले. छन्ना लोट्यात धुतला, आपल्या कॅनमधल्या गाळलेल्या पाण्यानं, आणि लोटा लाटेला टेकवून अलगद उलटा केला. मागं ती चटईवाली कोळीण उभी होती. तिनं विचारलं, अस्थी का? शेठजींनी बाहेर येऊन, ओल्या पायांनी वाळूत बसून तिला सगळं सांगितलं. ती मधे एकदाही हसली नाही. विचारलं, दुसऱ्या पाण्यात सोडलं असतं तर? शेठजी म्हणाले, जगत नाहीत, ज्याचं पाणी त्यालाच पाहिजे.

ती चटईवरची मासळी उलटत राहिली. मग म्हणाली, "आमची होडी ल्हान. ती खाडीच्या तोंडापर्यंतच जाते, पलीकडं नाही टिकत. तुम्ही डोळ्यांना न दिसणाऱ्यांना त्यांच्या पाण्यात सोडायला एवढ्या लांबनं आलात. आता तिथं पिंपं टाकणार, आणि आम्हाला म्हणतात, दुसरं पाणी बघा."

तिचा आवाज चढला नव्हता. हे पिंपवाल्या बाईचे वडील आहेत हे तिला माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. शेठजी ऐकत बसले. पाणी वर येत त्यांच्या पायांपर्यंत आलं तरी उठले नाहीत.

संध्याकाळी ताईच्या घरी गेलो. तिला आनंद झाला, मग शेठजी बोलले तसा तो उतरत गेला. कोळणीचं म्हणणं सांगून ते एवढंच म्हणाले की रांग खाडीच्या तोंडावर टाकू नको. ताई आधी शांतपणे समजावत होती. लाट तिथंच बरोबर मिळते, किनारा जवळ म्हणून तार कमी लागते, लोकांना भरपाई देणार आहेत. मग तिचा आवाज फाटला. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही जन्मात एक जाळं विकलं नाही, आणि आज जाळ्यासाठी भांडताय? रांग झाली नाही तर ते मासे मरतील. रोज मरतील. तुम्हाला हे पाहिजे?

"न्हाई पाहिजे," शेठजी म्हणाले. "पण उपास माझा हाये, बेटा. तो मी त्या बाईकडून का करून घेऊ?"

ताई उठून आत गेली. आतून विचारलं, मग माझं काय? सकाळी आम्ही निघालो तेव्हा तिनं डबा माझ्या हातात दिला.

त्यानंतर फोन यायचा बंद झाला. शेठजीही करायचे नाहीत. दुकानात कोणी विचारलं, काय म्हणतो तुमचा पांजरपोळ, तर ते दोर मोजायला लागायचे. दुपारची डुलकी चालू होती, पण स्वप्नं सांगायचे नाहीत. एकदाच म्हणाले, समुद्र येतो आणि दारात उभा राहून परत जातो. सकाळी माठ भरताना त्या उपड्या गिलासावरून ओलं फडकं फिरवायचे, न चुकता, आणि पुन्हा तसाच उपडा ठेवायचे. मला त्यांचा राग यायचा. एका कोळणीसाठी पोटची पोर दुखावली, असं मी तोंडावर बोललोसुद्धा.

ऊसतोडीचे दिवस होते. रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर, हवेत गोड धूळ. भरदुपारी दुकानासमोर काळीपिवळी थांबली आणि ताई उतरली, खांद्याला एकच पिशवी. शेठजी उठले, पण पुढं गेले नाहीत. ती सरळ आत स्वयंपाकघरात जाऊन बसली. आम्ही मागोमाग.

ती फरशीकडं बघत सांगायला लागली. खाडीचं तोंड लहान होड्यांसाठी मोकळं सोडावं असं तिनं लिहून दिलं होतं. त्या कोळणीकडं ती नंतर बरेचदा गेली, त्यांच्या होडीतही बसली. कंपनीनं रांगेचं कामच तिथून हलवलं, आता दुसऱ्या किनाऱ्यावर, दुसरी माणसं करणार. तिच्याकडं ते काम राहिलं नाही. चाचणीची दोन पिंपंही काढली.

"साखळी वर ओढली ना पप्पा, तर तिला कालवंच कालवं. खेकडे होते, पिल्लं होती. त्यांनी घर केलं होतं तिथं." आणि मग ती रडली. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं रडली.

शेठजी तिच्याजवळ बसले नाहीत, की तू चांगलं केलंस असंही म्हणाले नाहीत. फळीजवळ गेले. तिचा गिलास सुलटा केला, माठातलं पाणी भरलं, उजेडाकडं धरून आत कोणी नाही ना ते बघितलं आणि तिच्या हातात दिला. तिनंही डोळे पुसून आधी गिलासात बघितलं, मग प्यायली.

मग शेठजींनी आपला गिलास धुतला आणि फळीवर उपडा ठेवला.

त्या दिवशी अष्टमी नव्हती, चतुर्दशी नव्हती. एवढी वर्षं त्या घरात राहून तिथी मलाही पाठ झाल्या होत्या. ताईनं गिलासाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. म्हणाली, पप्पा, आज कसला उपास?

"आज तिकडं खाडीत जाळं पडलं असंल, बेटा," शेठजी म्हणाले, आणि विहिरीवर जिवाणी सोडायला गेले.